लाल पडलेले अल्बम आणि ४८ बिट

१९७०-८०च्या दशकांतले लग्नाचे रंगीत अल्बम उघडून पाहावेत. हिरवा शालू तपकिरी झालेला, आंब्याच्या पानांचं तोरण मातकट आणि मांडवातली यच्चयावत मंडळी तांबूस. कारण रासायनिक आहे. त्या फोटोंच्या कागदावर तीन रंगद्रव्यांचे थर असत : सायन म्हणजे निळसर हिरवं, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, आणि पिवळं. कपाटातल्या अंधारातही ही द्रव्यं विटतात, आणि बहुतेक वेळा सायन सर्वांत आधी. सायनचं काम तांबडा प्रकाश शोषून घेण्याचं. तेच गेलं की तांबड्याला अडवणारं कोणी राहत नाही.

असे अल्बम मी गेली काही वर्षं स्कॅन करतो आहे. यातलं काहीच कॉलेजात शिकलो नाही. पुस्तकं वाचून आणि करून पाहून जे कळलं ते कळलं. लोक हमखास एक प्रश्न विचारतात. स्कॅनरमध्ये ‘२४-बिट’ आणि ‘४८-बिट’ असे दोन पर्याय येतात, त्यातला कोणता घ्यायचा? जाणकार म्हणवणारे सांगतात, २४ पुरे, त्याहून जास्त रंग डोळ्याला कळतच नाहीत. हे उत्तर निम्मं बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यामुळे नुकसान होतं.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे नोंदले जातात. २४ बिटांत प्रत्येकाच्या वाट्याला ८ बिट, म्हणजे ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. तिन्हींचा गुणाकार १,६७,७७,२१६ रंग. ४८ बिटांत प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. (काही प्रोग्राम यालाच ‘१६-बिट’ म्हणतात. एकाच गोष्टीची दोन नावं, म्हणून गोंधळ.) नीट रंग असलेला फोटो नुसता पाहायचा असेल तर २५६ पायऱ्यांत सहसा काही कमी पडत नाही. मोबाइलवर दोन्ही स्कॅन शेजारी ठेवले तर मलाही फरक सांगता येणार नाही.

पण विटलेला फोटो आपण नुसता पाहणार नसतो, दुरुस्त करणार असतो. सायन गेलेल्या फोटोत तांबड्याचे आकडे ० ते २५५ असे पसरलेले नसतात. समजा, ते १७० ते २५० यांच्या दरम्यान अडकले आहेत. रंग परत आणायचे तर ही अरुंद पट्टी ताणून पूर्ण मापाची करावी लागते. ८ बिटांत त्या पट्टीत जेमतेम ८० पायऱ्या आहेत. ताणल्यावरही त्या ८०च राहतात. फक्त दोन पायऱ्यांमधलं अंतर तिपटीहून वाढतं. आलेख पाहिला तर दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. साडीच्या जरीकामात हे लपून जातं, गालावर लपत नाही. सावलीकडून उजेडाकडे हळूहळू जाणारी त्वचा नकाशावरच्या समोच्च रेषांसारखी पट्ट्यापट्ट्यांची होते.

१६ बिटांत त्याच पट्टीत ८० गुणिले २५६, म्हणजे २०,४८० पायऱ्या कागदावर मिळतात. कागदावर म्हणतो, कारण घरगुती स्कॅनर तेवढं खरंखुरं मोजत नाही. शेवटच्या काही बिटांत विजेची खरखरच नोंदली जाते. समजा, १२ बिट विश्वासाचे धरले. तरीही १,२८० पायऱ्या हाती राहतात. ताणायला त्या भरपूर झाल्या.

‘आत्ता २४ करू, लागलं तर पुढे ४८ मध्ये बदलू’ हा विचार मात्र सोडून द्यावा. लिटरभर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दोन लिटर होत नाही. २४-बिट फाइल दुरुस्तीपूर्वी ४८ मध्ये बदलली तर पुढच्या आकडेमोडीतल्या चुका कमी होतात, एवढाच फायदा. स्कॅन करताना जे मोजलंच गेलं नाही, ते येत नाही.

२०२१च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या एका घरातला अल्बम भिजून ठोकळा झाला. पानं सुटली नाहीत. त्या आधी एका दुकानातून करून घेतलेली सीडी तेवढी वाचली होती, आणि तिच्यात नेहमीच्या जेपेग फाइल होत्या. नेहमीच्या जेपेगमध्ये रंगाला ८च बिट मावतात, शिवाय जागा वाचवण्यासाठी बारकावे गाळलेले असतात. तांबडा ताणला, तर पट्ट्यांबरोबर जेपेगचे आठ-आठ पिक्सेलांचे चौकोनही वर आले. त्या घरातल्या बाईंना त्यांच्या आईचा चेहरा हवा होता. शालू हिरवा झाला; चेहरा जेवढा झाला तेवढ्यावर थांबलो.

खर्चाचं म्हणाल, तर चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४-बिटची फाइल सुमारे २६ एमबी होते, ४८-बिटची ५२. पाचशे फोटो धरले तरी सगळे मिळून २६ जीबी. त्याहून मोठे पेनड्राइव्ह आज टपरीवजा दुकानांतही मिळतात. दुकानात देताना ‘४८-बिट, टिफ फाइल, आणि रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद’ असं लिहूनच द्यावं. ती सोय चालू असली की दुकानदाराचं यंत्र आपल्या आधीच ताणून मोकळं होतं. नातेवाइकांना पाठवायला त्याच टिफवरून जेपेग काढता येते. घरात निगेटिव्ह सापडल्या तर त्यांनाही हेच सांगावं. त्यांची पट्टी तर मुळातच अरुंद असते.