बाखाचा एक दिवस

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९ प्रकाशकांनी ती परत पाठवली होती; ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रस्तावना दिली, तेव्हा कुठे दार उघडले. आनंद यांनी तिचे हस्तलिखित साबरमतीला गांधीजींच्या सहवासात पुन्हा घासूनपुसून घेतले होते.

नायक बाखा, वय १८, छावणीतले संडास साफ करणारा. कथा एका दिवसाची. बाजारात जिलबी घेऊन तो खुशीत निघतो, चुकून एका सवर्णाला धक्का लागतो, आणि थप्पड बसते. जिलबी धुळीत पडते. पण मला त्याहून बोचतात ते त्याच्या अंगावरचे गोऱ्या सोजिरांचे जुने कपडे आणि इंग्रजी शिकायची ओढ. धड्याला एक आणा द्यायलाही तो तयार आहे. गुलामीतच त्याला सुटकेची वाट दिसते.

आनंद स्वतः दलित नव्हते. ही मर्यादा खरीच. बाखाचा आतला आवाज पुढे दलित लेखकांनीच दिला, मराठीत बाबुराव बागुलांनी. आनंद यांचे २००४ साली पुण्यात निधन झाले. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा देशात झाला १९९३ साली, कादंबरीनंतर ५८ वर्षांनी.