नदीकाठचा मुक्काम : पाहुण्याने काय न्यावे, काय परत द्यावे

हिंगोली जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि येथील पावसाचे पाणी अखेर समुद्रालाच मिळते. उत्तर सीमेवरील पैनगंगा वर्धेला मिळते आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत उतरते. दक्षिणेकडील पूर्णा स्वतःच गोदावरीला जाऊन मिळते. दोन्ही वाटांचे पाणी पुढे बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणूनच येथील नदीकाठी दोन दिवस राहणारे कुटुंब दूरच्या किनाऱ्याचेही पाहुणे ठरते.

शांत मुक्कामासाठी या जिल्ह्यात जागांची वाण नाही. पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर हे विस्तीर्ण जलाशय आहेत. कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून वंदनीय आहे. औंढा नागनाथ येथे ज्योतिर्लिंग, तर त्याच तालुक्यातील शिरड शहापूर येथे 19 वे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांचे अतिशय क्षेत्र आहे. यात्रेला जोडून एखादी सकाळ जलाशयाच्या काठी घालवावी. वाऱ्याने उठणारे तरंग आणि पाण्यावरून जाणारे पक्षी पाहताना शहरातील गडबड आपोआप मागे पडते.

परंतु ही शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे. सिद्धेश्वर धरणात वरच्या येलदरी धरणातून पाणी येते आणि पुढे कालव्यांनी शेतांकडे जाते. वसमतच्या प्रसिद्ध हळदीचा प्रदेश याच पाण्याच्या आधाराने फुलतो. ज्या पाण्याकडे आपण शोभा म्हणून पाहतो, त्यावर कुणाचे पीक आणि कुणाचा घोट अवलंबून असतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते लातूरही याच मराठवाड्यातले. अशा प्रदेशात पाहुण्याने सांडलेली प्रत्येक बादली यजमानाच्या वाट्यातून गेलेली असते.

आपल्या घरांतील एक जुनी रीत येथे मार्ग दाखवते. पूर्वी विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळल्यावर त्या वस्त्रात राहिलेली जिवाणी फेकून देत नसत. ती त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडत. या रीतीत दोन गोष्टी आहेत : पाणी गरजेपुरतेच घ्यावे आणि ज्या जलाशयातील जीव असतील, ते त्याच जलाशयात परत पोहोचवावेत.

मुक्कामालाही हाच नियम लावता येतो. स्नानासाठी एक बादली ठरवून घ्यावी. साबण लावून नदीत उतरू नये. कपडे धुण्याचे पाणी प्रवाहात सोडू नये. निवास निवडताना भाड्याबरोबरच सांडपाणी कोठे जाते, हेही विचारावे. निर्माल्य, प्लॅस्टिक आणि उरलेले अन्न काठावर टाकू नये. मुलांना फुले व फांद्या तोडण्याऐवजी त्या ओळखायला शिकवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाला तर संध्याकाळ मोकळीच मिळते. तेव्हा मोठा आवाज आणि झगझगीत दिवे टाळले, तर काठावरच्या जीवांनाही विश्रांती लाभते.

जलाशयाकाठी विसावा घेण्याचा हक्क सर्वांनाच आहे. मात्र आपण निघून गेल्यावरही तो काठ, ते पाणी आणि तेथील जीव पूर्वीसारखेच सुखात राहिले, तरच तो मुक्काम आपल्याला लाभला असे समजावे.