व्हिसा संपलेला नातेवाईक अमेरिकेतच? देश सोडण्याआधी 'हे' वाचा

व्हिसाची मुदत संपलेल्या नातेवाइकाला 'आधी भारतात ये, मग अर्ज कर' असा सल्ला दिला जातो. तो महागात पडू शकतो.

कारण काय?
१८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडल्यास ३ वर्षे, तर वर्षभर किंवा अधिक राहिल्यास १० वर्षे प्रवेशबंदी लागते.

मार्ग कोणता?
अमेरिकी नागरिकाचा जोडीदार, आई-वडील किंवा २१ वर्षांखालील अविवाहित मूल व्हिसावर रीतसर आले असेल, तर मुदत उलटल्यावरही सहसा तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. नागरिक 'आय-१३०', तर नातेवाईक 'आय-४८५' भरतो. आई-वडिलांसाठी अर्ज करणारे अपत्य किमान २१ वर्षांचे हवे.

भावंडांचे काय?
त्यांना ही सवलत नाही. भारतीय भावंडांची प्रतीक्षा १५ वर्षांहून मोठी आहे.

सीमा लपून ओलांडली असेल तर?
बहुतेकांना व्हिसासाठी बाहेर जावेच लागते. त्याआधी 'आय-६०१ए' माफी मिळवणे महत्त्वाचे. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार अथवा आई-वडिलांना होणारा टोकाचा त्रास सिद्ध करावा लागतो.

हे लक्षात ठेवा
'आय-१३०' मंजूर झाला तरी हद्दपारी टळत नाही. एजंटऐवजी परवानाधारक वकिलाकडेच जा.