पाच कोटींची मर्यादा आणि पुण्याची वाट

ऑक्टोबर 2023. मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चाची मर्यादा सारखीच, पाच कोटी रुपये. त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतसाठी मोजले. पुणेरी पलटणनेही हात आखडता घेतला नाही. इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले. दोघांचीही जवळपास निम्मी थैली रिकामी झाली. हंगाम संपला तेव्हा टायटन्स गुणतक्त्याच्या तळाशी होते, तर पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं होतं.

हा फरक लिलावाआधीच पडला होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाईपटू पलटणने आधीच राखून ठेवले होते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम आणि मोहित आठव्या हंगामात याच संघातून नवखे म्हणून उतरले, दहाव्यात अस्लम कर्णधार होता. घडवलेली पोरं बाजारभावापेक्षा स्वस्तात राहतात, आणि म्हणूनच एखादा शादलू परवडतो. पण ती राहतात का? प्रशिक्षक बी. सी. रमेश तरुणांना सलग मैदानावर ठेवत. विशीतल्या खेळाडूला चार पैसे जास्त मिळून बाकावर बसण्यापेक्षा रोज चढाईला जाणं मोलाचं वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्येही हेच दिसतं. तिथेही मानधनावर मर्यादा आहे. ती चोरून ओलांडल्याबद्दल मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेण्यात आली. पेनरिथ पँथर्सनी मात्र सिडनीच्या पश्चिमेकडची स्थानिक मुलं तयार करून 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं जिंकली. त्या काळात मोठी नावं सोडून जात राहिली, संघ टिकला.

खेळाडू घडवणाऱ्याच्या मागे जातात, हे लातूरकरांना कुस्तीतून ठाऊक आहे. रामलिंग मुदगडचे हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात वस्ताद झाले आणि मराठवाड्यातले मल्ल त्यांच्यामागे गेले. त्यांचेच शिष्य, लातूर जिल्ह्याचे अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांनी कात्रजला तालीम उभारली. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीतल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काकांचेच पठ्ठे. मल्लांना पुण्याला खेचून नेलं ते वस्तादाच्या नावाने.

अर्थात घडवण्याची पद्धत दरवर्षी फळ देतेच असं नाही. अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. शादलू तोवर 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला होता, आणि हरियाणा विजेता ठरला. पण त्याच हरियाणाकडे मनप्रीत सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक होता, हे विसरता येत नाही.

मराठवाड्याची अडचण इथेच, घडवणारा माणूस जवळ नसण्यात आहे. 2024 साली पुण्यात झालेल्या युवा कबड्डी सिरीजच्या आंतरजिल्हा स्पर्धेत लातूर आणि नांदेडचेही संघ खेळले. म्हणजे पोरं आहेत. त्यांना पुण्याची गाडी पकडावी लागते, कारण मॅट, आहार, वसतिगृह आणि रोज चूक दाखवणारा माणूस तिथे एकत्र मिळतो. पलटणसारख्या संघाने नांदेड किंवा लातूरला असं निवासी केंद्र काढलं, तर त्याचा खर्च लिलावातल्या एका मोठ्या बोलीच्या मानाने किरकोळ ठरेल. शिवाय बारावीनंतर घर सोडावं लागल्याने ज्या मुलांचा खेळ आज सुटतो, त्यातली काही तरी मॅटवर टिकतील.