वसतिगृहातला खून : ‘ट्रूली डेव्हियस’

लेखिका : मॉरीन जॉन्सन (अमेरिका)
मूळ त्रयी : ‘ट्रूली डेव्हियस’ (2018), ‘द व्हॅनिशिंग स्टेअर’ (2019), ‘द हँड ऑन द वॉल’ (2020)
स्थळ : व्हरमाँटच्या डोंगरातली एलिंगहॅम अकॅडमी

कोड्यांचं वेड असलेला धनाढ्य अल्बर्ट एलिंगहॅम हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढतो. शिक्षण मोफत. 1936 मध्ये त्याची बायको आणि लहान मुलगी यांचं अपहरण होतं. मागे उरतं यमक जुळवलेलं एक धमकीचं पत्र. (1932 चं वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण इथं आठवल्याशिवाय राहत नाही.) आजच्या काळात स्टीव्ही बेल ही मुलगी हेच जुनं प्रकरण सोडवायच्या जिद्दीनं शाळेत दाखल होते आणि तिथं नवा मृत्यू घडतो.

स्टीव्हीला भीतीचे झटके येतात. तपास करणाऱ्या मुलीचं हे दुखणं लेखिकेनं लपवलेलं नाही, की शेवटी जादूनं बरंही केलेलं नाही. माझ्या मते मालिकेचं खरं बळ इथंच आहे. एक सूचना मात्र हवी : पहिल्या भागात जुन्या गुन्ह्याचा उलगडा होत नाही, त्यामुळे तिन्ही पुस्तकं हाताशी ठेवूनच सुरुवात करावी.

याच वाटेवरची आणखी दोन : अगाथा ख्रिस्तीची ‘कॅट अमंग द पिजन्स’ (1959), आणि थोड्या लहान वाचकांसाठी रॉबिन स्टीव्हन्सची ‘मर्डर मोस्ट अनलेडीलाइक’ (2014). दुसरीतली कथा सांगते हाँगकाँगहून इंग्लंडला शिकायला आलेली हेझल वाँग.