पाण्यातून आलेली गाडी

कुर्ल्याचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. प्रीमियर पद्मिनी इथल्याच कारखान्यात तयार होत असे, आणि कालिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर आजही जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. याच भागात माझे गॅरेज आहे. जुनी गाडी घेऊन फसलेला माणूस त्यामुळे मला महिन्यातून एकदा तरी भेटतोच.

मागच्या वर्षी शेजारच्या चाळीतले एक गृहस्थ आले. बेस्टमधून निवृत्त झालेले. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, रिक्षातली चढउतार झेपत नाही, म्हणून फंडाच्या पैशातून त्यांनी एका डीलरकडून सात वर्षांची गाडी घेतली. दोन महिने गाडी झकास चालली. मग एक काच खाली होईना. मग एअरबॅगचा दिवा लागून राहिला. शेवटी रुग्णालयातून परतताना ऐन सिग्नलला इंजिन बंद पडले. डीलर म्हणाला, "काका, जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच."

मी पुढची सीट काढली, गालिचा उचलला. खाली वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ होता आणि वायरिंगच्या कनेक्टरमधल्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या. गाडी पुरात बुडून आलेली होती.

दोष लगेच का दिसत नाही, हे समजून घ्यायला हवे. पाणी काही दिवसांत वाळते. पण तांब्याच्या पिनांवर चढू लागलेला गंज थांबत नाही. तो हळूहळू वाढतो, वीज नीट पोचत नाही आणि गाडीच्या संगणकाला चुकीचे संदेश जाऊ लागतात. याला काही महिने लागतात. पंधरा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ते कसे कळणार?

26 जुलै 2005 ची आठवण कुर्लेकरांना वेगळी करून द्यायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली. दुसऱ्या दिवशी पुष्कळांनी काळजीपोटी बुडालेल्या गाडीला किल्ली मारली. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असले की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीचे इंजिन बदलता येते, वायरिंग मात्र बहुधा तेच राहते. विमा कंपनीने पूर्ण नुकसान मंजूर केले की गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. कोणीतरी ती धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून पुन्हा बाजारात उभी करतो. अत्तराचा वास जरा जास्त वाटला की मी तरी सावध होतो.

बघायचे कुठे? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. गाळाची रेघ तिथे पुसायची राहून जाते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटचे बोल्ट, हेडलाइटच्या आत साचलेले दव बघा. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर पुढे बोलूच नका. आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेले नसावे, थंड असतानाच ते सुरू करायला सांगा. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मी फारसा मानत नाही. पेडलचे रबर किती झिजले आहे ते बघतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मिळाली तर उत्तमच.

आता कायद्याचे. "जशी आहे तशी" या शिक्क्याने डीलर सगळ्यातून सुटतो, हा समज खरा नाही. दोष लपवून विकलेल्या जुन्या वस्तूबद्दलही ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर फोन करावा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते; ते दाखवा म्हणायला लाजू नये.

आमच्या काकांनी एक गोष्ट शहाणपणाची केली होती. "इंजिन व वायरिंग उत्तम स्थितीत" हे शब्द त्यांनी बिलावर लिहून घेतले होते. मी फोटो काढले, दोषांचा कागद करून दिला, आणि वकिलाची नोटीस जाताच डीलरची भाषा बदलली. काही रक्कम कापून त्याने गाडी परत घेतली. माझे मत होते की आयोगाकडे जाऊन पूर्ण पैसे मागावेत. काका म्हणाले, "हिच्या डायलिसिसच्या वाऱ्या करू की तारखांच्या?" मी गप्प बसलो.

त्यांनी दुसरी गाडी घेतली ती ओळखीतल्याच एकाची. सीटबेल्ट मी स्वतः ओढून पाहिला. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, तो त्यांनी तिसऱ्या दिवशीच देऊन टाकला.