औषधाची बिलं आणि हृदयाच्या झडपा

फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर पूर्वी एक इवलंसं लेबल असायचं. दुकानदार ते सोलून विम्याच्या फॉर्मवर डकवायचा आणि फॉर्म पोहोचला की पैसे परत यायचे. १९९८ मध्ये चिप बसवलेलं हिरवं ‘कार्त व्हिताल’ आलं आणि हळूहळू हा व्यवहार संगणकावर गेला. लेबलं मात्र २०१४ पर्यंत टिकली. सगळा खटाटोप मुळात हिशेबाचा. कोणाला किती परतफेड द्यायची, एवढाच मतलब. याच हिशेबाने पुढे एका औषधाविरुद्ध साक्ष दिली.

औषधाचं नाव मेडिएटर. सर्व्हिए या फ्रेंच कंपनीने ते १९७६ मध्ये बाजारात आणलं. रक्तातली चरबी वाढलेल्यांसाठी आणि स्थूल मधुमेहींसाठी त्याला परवानगी होती. प्रत्यक्षात भूक मरते म्हणून वजन उतरवायलाही ते सर्रास लिहून दिलं जाई. सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतलं. गोम अशी, की ही गोळी पोटात गेल्यावर तिच्यापासून जो पदार्थ बनतो, तोच फेनफ्लुरामिन या दुसऱ्या भूकमारक औषधापासूनही बनतो. हृदयाच्या झडपा जाड होतात, नीट मिटत नाहीत आणि रक्त उलटं गळू लागतं, हे कळल्यावर फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बंद झालं. एका भावाला घराबाहेर काढलं आणि दुसरा आणखी बारा वर्षं माजघरात वावरत राहिला. मार्सेच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने १९९९ मध्ये मेडिएटर घेणाऱ्या रुग्णाची झडप बिघडल्याचं कळवलंही होतं. त्यावर काही हललं नाही.

ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेस्टच्या रुग्णालयात इरेन फ्राशाँ या फुप्फुसविकारतज्ज्ञ. २००७ मध्ये त्यांच्याकडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेली एक स्थूल बाई आली. ती मेडिएटर घेत होती. फेनफ्लुरामिनच्या कुळातल्या औषधाने आजारी पडलेले रुग्ण फ्राशाँबाईंनी शिकाऊ काळात पाहिलेले, त्यामुळे हे नाव त्यांना खटकलं. त्यांनी रुग्णालयाच्या जुन्या फायली उपसल्या. मायट्रल झडप गळते पण कारण सापडत नाही, असे २७ रुग्ण निघाले. त्यातल्या १९ जणांनी मेडिएटर घेतलं होतं. झडप गळण्याचं दुसरं कारण माहीत असलेल्या ५४ जणांत ते घेणारे अवघे ३.

आकडे बोलके होते, पण रुग्णालय एकच आणि माणसं मूठभर. शिवाय अशा शोधाची एक जात्याच लंगडी बाजू असते. डॉक्टरकडे येतो तो बिघडलेला माणूस. ज्याने तेच औषध घेतलं आणि ज्याला काही झालं नाही, तो कशाला येईल? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सगळ्याच यंत्रणांचं हे दुखणं आहे: अपूर्णांकाचा वरचा आकडा हाती लागतो, खालचा लागत नाही. पन्नास जणांना त्रास झाला. पण पन्नास हजारांतल्या पन्नास, की पाचशेतल्या?

खालचा आकडा होता विम्याकडे. फ्रान्समध्ये प्रत्येकाला सामाजिक सुरक्षेचा क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक पुरुषाला १ आणि स्त्रीला २, मग जन्माचं वर्ष, मग महिना, मग जिल्हा. संशोधनासाठी हा क्रमांक असा घुसळला जातो की नाव कळू नये, पण माणूस मात्र तोच राहावा. एका ओळीत अमुक तारखेला अमुक कोडचं औषध, इतकी खोकी. रुग्णालयाच्या यादीत त्याच घुसळलेल्या क्रमांकापुढे दाखल झाल्याची नोंद, निदानाचा कोड, शस्त्रक्रिया. दोन याद्या जोडल्या की गोळीपासून ऑपरेशन टेबलापर्यंतची वाट दिसते.

ब्रेस्टचा संशय आरोग्य विमा निधीपर्यंत पोहोचला आणि तिथल्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाचे मधुमेही निवडले. ते भरले १०,४८,१७३. त्यातल्या ४३,०४४ जणांनी २००६ मध्ये मेडिएटर घेतलं होतं. पुढच्या दोन वर्षांत झडप गळते म्हणून दाखल होण्याचं प्रमाण त्यांच्यात तिपटीहून थोडं जास्त निघालं, झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचं जवळपास चौपट. ३० नोव्हेंबर २००९ पासून औषध बंद झालं.

आता शंकेखोर वाचक विचारेल, आणि विचारायलाच हवं: मेडिएटर घेणारे आधीच जाड, मग हृदय त्यामुळेच बिघडलं नसेल कशावरून? बिलात वजन नसतं, सिगारेट नसते, गोळी गिळली की ड्रॉवरमध्ये पडून राहिली हेही नसतं. म्हणून तर तुलना मधुमेहींची मधुमेहींशीच केली, आधीचे हृदयविकार हिशेबात धरले. ज्यांनी एकूण औषध कमी घेतलं त्यांचा धोका कमी दिसला. आणि काढलेल्या झडपा तपासल्या तेव्हा त्या फेनफ्लुरामिनवाल्यांसारख्याच दिसत होत्या. नुसत्या बिलांवर मी विश्वास ठेवला नसता. बिलं आणि ब्रेस्टच्या फायली एकच सांगू लागल्या, तिथे माझी शंका संपली.

पुढची हकिगत कोर्टकचेऱ्यांची. किमान ५०० मृत्यूंचा अंदाज २०१० मध्ये जाहीर झाला. फ्राशाँबाईंनी या प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा ‘किती मृत्यू?’ हा प्रश्न कंपनीने कोर्टाकडून काही महिने हटवून घेतला होता, हे इथे सांगायलाच हवं. २०२१ मध्ये कंपनी दोषी ठरली, २०२३ च्या अपिलात ४० कोटींहून अधिक युरो परत करण्याचा आदेश झाला. औषध नियामकालाही दंड बसला. मला त्यातलं खुपतं ते वेगळंच: याद्या सरकारी संगणकात आधीपासून पडून होत्या, प्रश्न विचारायला मात्र ब्रेस्टहून एक डॉक्टर यावी लागली.

फ्रान्सने त्यातून धडा घेतला. २०१८ मध्ये नियामक आणि विमा निधी यांनी मिळून ‘एपि-फार’ नावाचं पथकच उभं केलं. मार्च २०२४ मध्ये त्यांचा एक निष्कर्ष आला, तो थेट आपल्याकडच्या बायकांशी संबंधित आहे. मेंदूच्या आवरणावरची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, शस्त्रक्रियेने काढलेल्या १८,०६१ स्त्रिया आणि तुलनेला ९०,३०५. गर्भनिरोधक मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत धोका हिशेबाअंती सुमारे साडेपाच पट. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत हे इंजेक्शन घेतलेल्या होत्या फक्त ९, कारण फ्रान्समध्ये ते फारसं कोणी घेतच नाही. अशी गाठ मुळातच विरळा, तेव्हा घाबरून इंजेक्शन सोडण्याचं कारण नाही, डॉक्टरांशी बोलावं.

हेच इंजेक्शन आपल्याकडे ‘अंतरा’ नावाने २०१७ पासून सरकारी केंद्रांत दर तीन महिन्यांनी मोफत मिळतं. प्रश्न तपासायचा तर तो भारतात तपासावा, इतक्या जणी ते घेतात. पण इंजेक्शनची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये, एमआरआय जिल्ह्याच्या खासगी सेंटरमध्ये, ऑपरेशन पुण्या-मुंबईत. बाकीच्या औषधांचं तर बोलायलाच नको. मेडिकलमधून अर्धी पट्टी कापून घेताना बिल कोण मागतं? चौदा आकडी ‘आभा’ आरोग्य क्रमांक आला आहे, पण या साऱ्या नोंदी त्यावर एकत्र येणं अजून दूर आहे. ब्रेस्टच्या वाटेची, म्हणजे एकेका रुग्णावरून संशय कळवण्याची, सोय मात्र आहे: २०११ पासून दुष्परिणामांच्या तक्रारी गाझियाबादच्या केंद्रात जमा होतात आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णालाही फोन करता येतो. विम्याच्या याद्या जोडण्याच्या वाटेसाठी महाराष्ट्रात निदान महात्मा फुले आरोग्य योजनेचे क्लेम आणि आरोग्य केंद्रांतली अंतराची रजिस्टरं शेजारी ठेवून पाहता येतील. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या बायकांपुरता तरी खालचा आकडा मिळेल.